वाढीव बांधकामाला तडे गेल्यास ठेकेदाराविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार: पात्रता, कागदपत्रे आणि तक्रारी अडतात ती ठिकाणे

जुन्या घराला लागून दोन खोल्या वाढवल्या आणि दुसऱ्याच पावसाळ्यानंतर जुन्या-नव्या भिंतीच्या सांध्यात रुपयाचे नाणे उभे जाईल एवढी फट पडली, अशी तक्रार घेऊन येणारी कुटुंबे सोलापुरात नवीन नाहीत. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. जुने घर त्या मातीत वर्षानुवर्षे बसलेले असते. नव्या खोल्यांचा पाया मात्र कठीण मुरुमापर्यंत न नेता वरच्या थरातच थांबवला, की दोन्ही भाग वेगवेगळे खचतात आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. ठेकेदार येतो, भेगेत सिमेंट भरतो, वरून गिलावा मारतो आणि दिवाळीनंतर बघू असे सांगून जातो. पुढे तक्रार फेटाळली जाते तेव्हा तिचे मूळ बहुतेक वेळा याच काळात सापडते.

आधी दार बरोबर निवडावे. पुष्कळ जण महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे जातात, कारण बांधकामातील दोषाची पाच वर्षांची हमी त्यांनी ऐकलेली असते. ती हमी स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) मधील आहे आणि ती प्रकल्प उभारून सदनिका किंवा गाळे विकणाऱ्या प्रवर्तकावर आहे. स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून करून घेतलेल्या वाढीव खोल्यांना ती लागू होत नाही. महापालिकेकडे धोकादायक बांधकामाचा अर्ज दिल्यास कार्यवाही होऊ शकते. परंतु महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खालील नोटीस मालकाला किंवा भोगवटादाराला निघते, ठेकेदाराला नव्हे. ज्याने दाद मागितली त्याच्याच हातात बांधकाम उतरवण्याची नोटीस पडते, आणि ही गोष्ट अर्ज स्वीकारताना त्याला कोणी सांगत नाही याची चीड येते. खोली खरोखरच पडण्याच्या बेतात असेल, तर जिवापुढे दुसरा विचार नको, अर्ज अवश्य द्यावा. मात्र पैसे परत मिळवण्याचा मार्ग तो नव्हे. त्यासाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जावे लागते. या अधिनियमातील सेवेच्या व्याख्येत घरबांधणीचा स्पष्ट उल्लेख आहे. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे ठेकेदार पुण्याचा असला तरी तक्रार सोलापुरातच दाखल होते.

पात्रतेच्या दोन अडचणी नेहमी येतात. पहिली नावाची. घर वडिलांच्या नावावर असते, ठेकेदाराशी बोलणी मुलाने केलेली असतात आणि पैसे सुनेच्या खात्यातून गेलेले असतात. सेवा घेणारा, मोबदला देणारा आणि त्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणारा हे सगळे ग्राहक ठरू शकतात. म्हणून एकट्याच्या नावाने तक्रार न करता संबंधित सर्वांना तक्रारदार करावे. दुसरी अडचण सोलापूरच्या पूर्व भागात विशेष दिसते. वाढीव बांधकामात खाली यंत्रमाग असतात आणि वर राहणे. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा कायद्याच्या कक्षेत येत नाही, ही हरकत ठेकेदाराचा वकील पहिल्याच उत्तरात घेतो. मात्र काम केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी करून घेतले, त्यात व्यापारी हेतू नव्हता, असे म्हणणे मांडता येते. किती माग आहेत, ते कोण चालवते आणि घर कशावर चालते, हे तक्रारीच्या सुरुवातीच्याच परिच्छेदांत लिहावे. हरकत आल्यावर दिलेला खुलासा मागाहून सुचल्यासारखा वाटतो.

सर्वांत जास्त तक्रारी मुदतीवर अडतात. कलम ६९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. लोक ही दोन वर्षे ठेकेदाराच्या शेवटच्या आश्वासनापासून किंवा वकिलाच्या नोटिशीपासून मोजतात. महारेराची पाच वर्षे डोक्यात ठेवून स्वस्थ बसणारेही आहेत. पहिली भेग ज्या दिवशी दिसली त्या दिवसापासून दोन वर्षे मोजावीत, म्हणजे वाद उरत नाही. दरम्यान ठेकेदाराने तीन वेळा गिलावा मारला म्हणून मुदत तीन वेळा नव्याने सुरू होते, असे गृहीत धरू नये. मुदत उलटली असेल तर विलंब माफीचा स्वतंत्र अर्ज प्रतिज्ञापत्रासह द्यावा लागतो आणि पुरेसे कारण पटले तरच आयोग तो मंजूर करतो. घरात आजारपण होते, एवढ्या एका वाक्यावर विलंब माफ होईल अशी आशा धरू नये. कोणाचे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे रुग्णालयाच्या कागदांसह लिहावे.

आता कागदपत्रे. मालमत्ता पत्रक किंवा खरेदीखत, करपावती, ओळखपत्र हे सगळ्यांकडे असते. जे बहुधा कोणाकडेच नसते ते म्हणजे ठेकेदाराशी केलेला लेखी करार. शेळगीच्या एका बाईंनी रेक्झिनच्या पिशवीतून पाचवीतल्या मुलाची चौकटीची वही काढली होती. तिच्या शेवटच्या चार पानांवर तारीख, रक्कम आणि प्रत्येक हप्त्यापुढे ठेकेदाराची वेडीवाकडी सही होती. त्यांना ती वही दाखवायला संकोच वाटत होता, पण त्यांच्या साऱ्या कागदांत तीच सर्वांत मोलाची होती. अशी वही, सिमेंट-सळ्यांची बिले, मोबाइलवरून पाठवलेल्या रकमांचा तपशील, हप्त्याच्या आदल्या दिवशी बँकेतून काढलेल्या रकमेची पासबुकातील नोंद, यांतून करार उभा राहतो. काम मजुरीवर दिले होते की माल-मजुरीसह, हे निःसंदिग्ध सांगावे; माल तुम्ही आणला असेल तर ठेकेदार दोष सिमेंटवर ढकलणार, हे धरूनच बिले जपावीत. व्हॉट्सॲपवरील संदेश छापून जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र सोबत द्यावे आणि तो फोन निकाल लागेपर्यंत विकू किंवा बदलू नये.

दुसरा दुर्मीळ कागद म्हणजे संरचना अभियंत्याचा अहवाल. दुसऱ्या गवंड्याने लिहून दिलेला दुरुस्तीचा अंदाज म्हणजे अहवाल नव्हे. पाहणीची तारीख, भेगांची लांबी-रुंदी आणि छायाचित्रे, पायाजवळ खड्डा घेऊन मोजलेली खोली, रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर ठोका देऊन त्याची ताकद अजमावणे) किंवा गरजेनुसार कोअर चाचणीचे (काँक्रीटचा नमुना कापून तपासणे) निष्कर्ष, दोषाचे कारण आणि दुरुस्तीचा खर्च, एवढे त्यात असावे. कारण लिहिलेले नसेल तर बाकीच्याचा उपयोग थोडा. पाहणीच्या आधी ठेकेदाराला दिवस आणि वेळ लेखी कळवून हजर राहण्यास सांगावे, म्हणजे अहवाल एकतर्फी असल्याची ओरड टिकत नाही. शहरातील अभियंते आणि ठेकेदार रोज एकमेकांच्या कामात असतात, त्यामुळे विरोधात लिहून द्यायला पुष्कळ जण कचरतात. असे झाल्यास तज्ज्ञाकडून पाहणी व्हावी असा अर्ज आयोगाकडेच करावा. अहवाल मिळेपर्यंत भेग बुजवू नये. तिच्यावर काचेची पातळ पट्टी चिकटवून शेजारी तारीख लिहावी. पट्टी तडकली तर भेग अजून हलते आहे हे छायाचित्रात दिसते. स्लॅबला टेकू द्यावा लागला तर तो जरूर द्यावा, मात्र आधी आणि नंतर छायाचित्रे काढावीत.

वाढीव बांधकामाला महापालिकेची परवानगी घेतलेली नसते, ही गोष्ट लोक लपवतात. ती पहिल्याच लेखी उत्तरात उघड होते आणि लपवल्यामुळे बाकीच्या खऱ्या म्हणण्यावरही संशय येतो. परवानगी काढण्याचे काम ठेकेदाराने अंगावर घेतले होते का, त्यासाठी वेगळे पैसे घेतले का, जागा गुंठेवारीतील (गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकलेली) आहे का, हे खरे असेल तसे लिहावे. नियमितीकरणाचा अर्ज केलेला असल्यास त्याची पोच जोडावी.

तक्रारीआधी ठेकेदाराला नोटीस पोचपावतीसह टपालाने पाठवावी, दोष नेमके लिहावेत आणि पंधरा दिवसांची मुदत द्यावी. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून लिफाफा परत आला तर तो फोडू नये. बंद लिफाफा तसाच पुरावा म्हणून द्यावा.

तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती संकेतस्थळावरूनही दाखल होते. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख रुपये आहे आणि ती ठेकेदाराला दिलेल्या मोबदल्यावर मोजतात, मागितलेल्या नुकसानभरपाईवर नाही. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये, १० ते २० लाखांपर्यंत ४०० रुपये आणि त्यापुढे ५० लाखांपर्यंत १००० रुपये. भरपाईचा आकडा मोठा धरून राज्य आयोगाकडे धावणाऱ्यांची तक्रार तिथून परत येते. वकील सक्तीचा नाही.

तक्रार दाखल करून घेतल्यावर ठेकेदाराला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ही ४५ दिवसांची मर्यादा आयोगाला वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे आयोगाची नोटीस ठेकेदाराला कोणत्या तारखेला बजावली गेली याची नोंद स्वतःकडे ठेवावी आणि ४६ व्या दिवशी उत्तर आले तर लेखी हरकत घ्यावी. तज्ज्ञ तपासणी लागणाऱ्या तक्रारीचा निकाल पाच महिन्यांत व्हावा असे कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखा त्याहून लांबतात, आणि तोवर त्या भेगाळलेल्या छताखाली लेकरांना घेऊन झोपावे लागते, याचा विचार तारीख देणाऱ्यांनी करायला हवा. खोली राहण्याजोगी नसेल तर तक्रारीबरोबरच अंतरिम (निकालापूर्वीच्या तात्पुरत्या) आदेशाचा अर्ज द्यावा.

निकाल बाजूने लागूनही ठेकेदाराने पैसे दिले नाहीत तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करावा लागतो. कलम ७२ खाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अपिलासाठी ४५ दिवस आहेत, आणि अपील करणाऱ्या ठेकेदाराला आदेशातील रकमेपैकी निम्मी रक्कम आधी भरावी लागते.