वैमानिकाचा हात आणि विमानाचा पंख

नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात आधी मिग-२१, पुढे सुखोई-३० एमकेआय आणि आता तेजस मार्क-१ए ही लढाऊ विमाने बांधली गेली. त्यांच्या पंखांची आणि शेपटांची तुलना केली, तर वैमानिकाच्या हाताचे विमानाच्या हलत्या भागांशी असलेले नाते कसे बदलत गेले ते दिसते.

मूळ तत्त्व साधे आहे. पंखाच्या मागच्या कडेचा बिजागरीवरील भाग खाली वळवला की तेथील उचल वाढते, वर वळवला की घटते. दोन्ही पंखांवरचे एलेरॉन परस्परविरुद्ध हलून विमान एका कुशीवर कलवतात, आडव्या शेपटावरचा एलिव्हेटर नाक वर-खाली करतो आणि उभ्या शेपटावरचा रडर ते डावी-उजवीकडे नेतो. होडीच्या सुकाणूप्रमाणे रडरच विमान वळवतो, हा समज मात्र चुकीचा आहे. विमान कलले की पंखांची उचलही कलते आणि तिचा आडवा घटक विमानाला वळणाच्या आतल्या बाजूस खेचतो. रडर मुख्यतः नाक त्या वळणाशी जुळते ठेवतो.

मिग-२१ ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडू शके. स्वनातीत वेगात बिजागरीमागच्या बदलाची चाहूल पुढच्या हवेला लागत नाही, त्यामुळे एलिव्हेटरचा प्रभाव बराच घटतो. म्हणून या विमानात आडवे शेपूट संपूर्णच फिरवले जाई. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढत असल्याने हे काम नुसत्या मनगटाचे नव्हते, ते हायड्रॉलिक यंत्रणेकडे सोपवलेले होते. मग वैमानिकाच्या हातातला दांडा फसवा हलका लागू नये म्हणून स्प्रिंग बसवून कृत्रिम जडपणा द्यावा लागला, ही मला त्या रचनेतली सर्वांत मजेशीर गोष्ट वाटते.

सुखोईमध्ये मुख्य पंखांच्या पुढे कॅनार्ड हे छोटे पंख आले आणि इंजिनाचा झोतही दिशा बदलू लागला.

नाशिकमध्ये बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१एने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उड्डाण केले. या विमानाला आडवे शेपूटच नाही. पंखांच्या मागच्या कडेवरचे एलेव्हॉन एकाच दिशेने हलले तर नाक वर-खाली होते, विरुद्ध दिशांना हलले तर विमान कलते. असे विमान स्वभावतः स्थिर ठेवायचे, तर नाक वर धरण्यासाठी मागची कड सतत थोडी वर वळवून ठेवावी लागते आणि हवी असलेली उचलच कमी होते. म्हणून तेजसचे स्थैर्य मुद्दाम सैल ठेवले आहे. तोल संगणक सांभाळतो: दांड्याची हालचाल विद्युत संकेत बनून त्याच्याकडे जाते, वेग आणि कोन पाहून तो एलेव्हॉन किती हलवायचे ते ठरवतो आणि हे सेकंदात अनेकदा करतो. संगणकाची एक वाहिनी, म्हणजे स्वतंत्रपणे हिशेब करणारी एक साखळी, बिघडली तरी विमान हातचे जाऊ नये म्हणून चार समांतर वाहिन्या आपापले हिशेब ताडून पाहतात आणि इतरांशी न जुळणारी वाहिनी बाजूला काढली जाते. दांडा आणि एलेव्हॉन यांना जोडणारी यांत्रिक कांडी मात्र कोठेही नाही.