सेंट बर्नार्ड (श्वानजाती)

सेंट बर्नार्ड ही स्वित्झर्लंड-इटली सीमेवरच्या आल्प्स पर्वतात घडलेली महाकाय श्वानजाती. तिथल्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत, 2,469 मीटर उंचीवर, अकराव्या शतकापासून ख्रिस्ती साधूंची धर्मशाळा आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथे ही कुत्री पाळली जात. आधी राखणीसाठी, पुढे बर्फात वाट चुकलेल्यांचा माग काढण्यासाठी. त्यांतल्या बॅरीने (1800–1814) चाळीसहून अधिक जीव वाचवले असे मानतात. त्याचे पेंढा भरलेले शरीर बर्नच्या संग्रहालयात आहे. गारठलेल्यांना पाजायला ही कुत्री गळ्यात ब्रँडीचे पिंप घेऊन जात, ही मात्र एका चित्रामुळे रूढ झालेली समजूत. गारठलेल्या माणसाला दारू पाजली तर त्वचेकडचा रक्तपुरवठा वाढून शरीर आणखी थंड पडते.

मूळ कुत्री आखूड केसांची होती. 1830च्या सुमारास न्यूफाउंडलंड जातीशी संकर झाला आणि लांब केस आले, पण त्यांत बर्फाचे गोळे अडकू लागले. त्यामुळे डोंगरातल्या कामाला आखूड केसांचीच उपयोगी ठरली. आज दोन्ही प्रकार मान्य आहेत. नराची खांद्यापाशी उंची 70 ते 90 सेंटिमीटर, मादीची 65 ते 80. वजन साधारण 55 ते 80 किलो. स्वभाव शांत, माणसांना धरून राहणारा. आयुष्य बहुधा 8 ते 10 वर्षे.

खरी कसोटी पहिल्या दीड वर्षात लागते. पिल्लू झपाट्याने वाढते आणि कौतुकाने जास्त खाऊ घातले की वजन हाडांच्या पुढे धावते. खुब्याचे व कोपराचे सांधे बिघडण्याचे ते मोठे कारण. आपल्याकडे वाढीसाठी म्हणून कॅल्शियमची बाटली सर्रास दिली जाते. ती देऊ नये. लहान पिल्लाला आतड्यातून शोषले जाणारे जादा कॅल्शियम रोखता येत नाही, आणि हाडे वेडीवाकडी वाढतात. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचे तयार खाद्य पुरेसे असते. हाताला बरगड्या लागल्या पाहिजेत. जिने, उड्या आणि गुळगुळीत फरशी टाळावी. फरशीवर सतरंजी किंवा रबरी चटई अंथरावी. कडक जमिनीवर सतत बसून कोपरावर पाण्याची गाठ येते, म्हणून प्रौढ कुत्र्यालाही जाड गादी हवी.

70 किलोच्या, फार धावपळ न करणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण 650 ते 800 ग्रॅम कोरडे खाद्य लागते. ते दोन-तीन वेळांत विभागून द्यावे आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर पळवू नये. खोल छातीच्या कुत्र्यांत जठर वायूने फुगून स्वतःभोवती पिळले जाते. रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत मृत्यू येतो. ओकाऱ्या येतात पण काही पडत नाही, लाळ वाढते, पोट ताणते, कुत्रे अस्वस्थ फिरते: एवढे दिसले की घरगुती उपाय न करता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावे. नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला शिवून घेतले तर पीळ बसण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात हे कुत्रे पाळणे म्हणजे पंखा, सावली आणि पाणी यांची अखंड सोय. फिरवणे सूर्योदयापूर्वी किंवा रात्री. दमट हवेत धापा टाकूनही उष्णता बाहेर पडत नाही. धाप थांबेना, हिरड्या लालभडक झाल्या, कुत्रे अडखळू लागले तर ते उष्माघाताचे लक्षण. अंगभर साधे पाणी ओतून पंख्याखाली ठेवावे आणि लगेच पशुवैद्याकडे न्यावे. उन्हाळ्यात अंग सरसकट भादरू नये, त्वचा उन्हाने भाजते. त्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा मुळापर्यंत विंचरून आतली सुटी लव काढावी आणि त्याच वेळी गोचिड्या शोधाव्यात. दाट केसांत त्या सहज दिसत नाहीत, आणि गोचीडताप जीवघेणा ठरू शकतो. ओघळलेल्या खालच्या पापणीत धूळ साठते. डोळे रोज ओल्या कापडाने पुसावेत, लाळेने भिजलेला गळा कोरडा करावा.

पट्ट्याने ओढ न घेता चालण्याची सवय चौथ्या महिन्यापर्यंत लावावी. वर्षभरानंतर या कुत्र्याने ओढ घेतली तर धडधाकट माणसालाही ते आवरत नाही.