ऑलिव्हर गॉडफ्री

ऑलिव्हर सिरिल गॉडफ्री (जन्म १८८७, मृत्यू २३ सप्टेंबर १९१६) हा इंग्लिश मोटारसायकल रेसर, नंतर पहिल्या महायुद्धात रॉयल फ्लाइंग कोअर या ब्रिटिश हवाई दलाचा पायलट. १९११ ची सिनिअर टीटी (टुरिस्ट ट्रॉफी, तिथली मोठ्या मोटारसायकलींची रेस) त्याने जिंकली, आयल ऑफ मॅन बेटावरची, आणि ती साधी रेस नव्हती कारण त्याच वर्षी टीटी पहिल्यांदा डोंगरावरच्या रूटने नेली, एक लॅप साधारण ३७.५ मैलांचा, असे ५ लॅप, आणि प्रत्येक लॅपला स्नेफेल डोंगराचा चढ.

त्या काळात बऱ्याच ब्रिटिश गाड्यांचं चाक पट्ट्याने फिरायचं, चढाला पट्टा घसरायचा. गॉडफ्रीची गाडी ‘इंडियन’ या अमेरिकेतल्या कंपनीची, तिला चेन, क्लच आणि २ गिअर. सरासरी ताशी ४७.६३ मैल वेगाने, जवळजवळ ४ तास कच्च्या रस्त्यावर चालवून तो पहिला आला. मॅचलेस या ब्रिटिश कंपनीच्या गाडीवरचा चार्ली कॉलिअर खरं तर दुसरा आला होता पण परवानगी नसलेल्या ठिकाणी पेट्रोल भरलं म्हणून बाद झाला, मग फ्रँकलिन दुसरा आणि मूरहाऊस तिसरा, म्हणजे पहिले तिन्ही नंबर इंडियनचेच. त्यामुळे आजही गाडीचंच कौतुक जास्त होतं, पण गाडी कितीही चांगली असली तरी त्या रस्त्यावर ती शेवटपर्यंत शाबूत आणणं हे रायडरचंच काम, आणि याचं श्रेय गॉडफ्रीला पुरेसं मिळालेलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे. १९१४ च्या सिनिअरमध्ये तो दुसरा रेसर हॉवर्ड डेव्हिस याच्याबरोबर एकाच वेळेत रेस संपवून दुसऱ्या नंबरचा भागीदार झाला. म्हणजे आधीचा विजय नशिबाचा नव्हता.

काही महिन्यांत युद्ध लागलं. गॉडफ्री विमान शिकला आणि फ्रान्समध्ये २७ नंबरच्या स्क्वॉड्रनमध्ये आला. त्यांच्याकडे एकसीटर मार्टिनसाइड विमानं होती, टोपणनाव एलिफंट. बनवली होती फायटर म्हणून, लांब पल्ला होता पण वळायला जड, त्यामुळे बॉम्ब टाकायला आणि लांबच्या गस्तीलाच जास्त वापरली जायची. २३ सप्टेंबर १९१६ ला, सोमची लढाई चालू असताना, त्यांची गाठ जर्मनांच्या यास्टा २ या फायटर तुकडीशी पडली. जर्मन पायलट बोल्केने उभी केलेली ही तुकडी, नवीन चपळ अल्बाट्रोस विमानं, आणि त्यात पुढे ‘रेड बॅरन’ म्हणून गाजलेला रिश्टोफेन, ज्याने त्या दिवशी २७ स्क्वॉड्रनचंच एक मार्टिनसाइड पाडलं. त्याच लढाईत गॉडफ्रीही मारला गेला, तिशीसुद्धा गाठली नव्हती.

डेव्हिसही पायलट झाला होता, तो पाडला जाऊन जर्मनांच्या कैदेत गेला पण वाचला, आणि पुढे त्याने एचआरडी ही मोटारसायकल कंपनी काढली.