बंदुकीचा कान

पुण्यात बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहुण्यांना घेऊन गेलो, की एक गोष्ट हमखास घडते. दिव्यांपाशी, अडकित्त्यांपाशी मंडळी रेंगाळतात. शस्त्रांपाशी आली की तलवारीच्या मुठी न्याहाळतात, जुन्या बंदुकीकडे बघून ‘केवढी लांब आहे ना!’ म्हणतात आणि पुढे सरकतात. मग मी त्यांना मागे बोलावतो. नक्षी राहू द्या म्हणतो, नळीच्या मागच्या टोकाला, उजव्या अंगाला बघा. तिथे एक बारीक भोक असतं, जेमतेम सुई-दाभण जाईल एवढं. त्याला बंदुकीचा कान म्हणतात.

जुन्या बंदुकांचा सगळा इतिहास मला या कानाभोवती फिरताना दिसतो. नळी म्हणजे एका बाजूने बंद केलेला लोखंडी पाइप. त्यात दारू ठासली, वर शिशाची गोळी बसवली, की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे आतल्या दारूला हव्या त्याच क्षणी विस्तव पोचवायचा, आधी नाही आणि नंतरही नाही. यासाठी माणसाने चारेकशे वर्षं डोकं लढवलं. जगभरची शस्त्रसंग्रहालयं या खटपटीचे नमुने जपून आहेत आणि कान बघता आला, की कुठलंही दालन वाचता येतं.

आपल्याकडच्या संग्रहात सर्वांत जास्त दिसते ती तोड्याची बंदूक. तोडा म्हणजे सोऱ्याच्या (दारूत घालतात त्या क्षाराच्या) पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. ती पेटत नाही, उदबत्तीसारखी धुमसत राहते. कानाच्या तोंडाशी छोटी बशी असते, तिच्यात चिमूटभर बारीक दारू घालायची. तिचं नाव रंजक. चाप ओढला, की तोड्याचं जळतं टोक बशीत टेकतं, रंजक भडकते आणि तिची ज्वाळा कानातून आत शिरते. कधी कधी नुसती रंजकच उडते, आतली दारू ढिम्म. कान काजळीने बुजलेला असतो किंवा दारू सर्दावलेली असते. धूर होतो, गोळी सुटत नाही. असा फुसका बार रणांगणावर जिवावर बेतायचा.

दारूही जरा समजून घेऊ. शंभर भागांत साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक. जळायला प्राणवायू लागतो, पण बंद नळीत हवा येणार कुठून? म्हणून सोरा. पोटॅशियम नायट्रेटच्या या स्फटिकांत प्राणवायू बांधलेला असतो आणि तापताच तो मोकळा होतो. जुन्या घरांच्या भिंतींना ओल आली, की पांढरा लोणा फुटतो (लोण्याशी याचा काही संबंध नाही!). गोठ्याच्या जुन्या भिंतींवरच्या अशा पांढऱ्या थरात नायट्रेटचे क्षार असतात. शेणामुतातल्या अमोनियाचं नायट्रेट करण्याचं काम मातीतले जिवाणू करतात. माणसाने फक्त ती माती धुवायची, पाणी राखेतून गाळायचं आणि आटवायचं. बिहारमधला सोरा इतका नामी होता, की डच आणि इंग्रज कंपन्या तो जहाजं भरभरून युरोपात नेत. युरोपातल्या कितीतरी लढायांचा धूर पाटण्याच्या मातीतून निघालेला होता.

धूर म्हणताना एक आकडा ध्यानात ठेवा. ही दारू जळाली, की निम्म्याहून अधिक वजन घन कणांच्या रूपात उरतं. काही धुरातून बाहेर जातं, बाकीचं नळीच्या आत चिकटतं. चार-सहा बार झाले, की नळी आतून अरुंद होते. मग गोळी आत जाणार कशी? त्यावर लष्करी तोडगा सोपा होता. गोळीच मुळात नळीपेक्षा बारीक ओतायची. पण सैल गोळी नळीतून सुटताना डावी-उजवीकडे आपटत जाते. म्हणजे काजळीपुढे हात टेकले, ते नेमाच्या बदल्यात.

नेम किती गेला, हे ऑस्ट्रियात प्रत्यक्ष मोजलं गेलंय. ग्राट्स शहरात लांडेसत्सॉइगहाउस नावाचं शस्त्रागार आहे. 1642 ते 1645 या काळात बांधलेलं आणि तेव्हापासून बरंचसं जसंच्या तसं. ऑटोमन तुर्कांच्या स्वाऱ्यांना तोंड देणाऱ्या स्टायरिया प्रांताची ही शिलेखाना-कोठी. 1749 मध्ये ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया तेरेझा हिने ती मोडीत काढायचं ठरवलं, तेव्हा प्रांतातल्या मानकऱ्यांनी विनवण्या करून वाचवली. आज तिथे सुमारे 32,000 वस्तू आहेत, लाकडी मांडण्यांवर, मजल्यामागून मजले. काचेच्या कपाटात एकच दागिना ठेवून वर दिवा सोडायचा, असला प्रकार नाही. वाण्याच्या दुकानात बरण्या मांडाव्यात तशा बंदुका मांडलेल्या आहेत. सैन्य उद्या सकाळी येईल आणि आपापलं हत्यार उचलून चालू लागेल, असं वाटावं. मला विचाराल तर एकाच शस्त्रसंग्रहालयासाठी विमानाचं तिकीट काढायचं असेल, तर ते ग्राट्सचं काढावं.

1988-89 मध्ये या कोठीतल्या काही जुन्या बंदुका ऑस्ट्रियन सैन्याच्या चाचणी मैदानावर नेल्या आणि खरोखर उडवल्या. माणसाच्या हाताचा थरथराट नको म्हणून त्या घट्ट चौकटीत आवळल्या होत्या. गोळ्यांचा सुरुवातीचा वेग सरासरी सेकंदाला 450 मीटरच्या आसपास भरला, म्हणजे आवाजाच्या वेगाहूनही जास्त. सतराव्या शतकातल्या लोहारकामाला हे शोभणारं नाही असं वाटतं ना? पण पुढची गंमत हवेत आहे. गोल गोळीला हवा फार अडवते, तिचा वेग झपाट्याने उतरतो. शिवाय नळीच्या ज्या बाजूला ती शेवटची घासते, तिकडून तिला फिरकी मिळते. फिरणारा चेंडू हवेत वळतो हे क्रिकेट बघणाऱ्यांना सांगायला नको. इथे मात्र कुठे वळणार, हे ना गोलंदाजाला ठाऊक ना फलंदाजाला. शंभर मीटरवर माणसाएवढ्या लक्ष्यावर गुळगुळीत नळीच्या बंदुकांच्या साधारण निम्म्याच गोळ्या बसल्या, आणि त्याही हत्यार चौकटीत पक्कं बांधलेलं असताना. शिपायांना खांद्याला खांदा लावून उभं करून एकदम बार काढायला लावत, त्यामागे हा हिशेब होता.

पुन्हा कानाकडे वळू. तोड्याची अडचण उघड आहे. पावसात विझतो, रात्री दुरून दिसतो, आणि जळती दोरी हातात धरून दारूशी खेळावं लागतं. 1500 च्या सुमारास युरोपात चाकाची बंदूक आली. चावीने पिळून ठेवलेलं पोलादी चाक गरकन फिरतं आणि त्याला टेकवलेल्या पायराइट या खनिजाच्या खड्यातून ठिणग्या झडतात. सिगारेट लायटरची ही पणजी. आता विस्तव सोबत बाळगायला नको, त्यामुळे भरलेलं पिस्तूल कोटाखाली लपवता येऊ लागलं. राज्यकर्त्यांना घाम फुटला तो इथे. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट मॅक्सिमिलियन याने 1517 च्या सुमारास आपल्या मुलखात या चाकवाल्या हत्यारांवर बंदी घातली.

चाक महाग आणि नाजूक. त्यामानाने चकमकीची बंदूक सुटसुटीत. घोडा म्हणजे चाप ओढताच पुढे आपटणारी लोखंडी हातोडी. तिच्या जबड्यात गारेचा, म्हणजे चकमकीच्या दगडाचा तुकडा, समोर पोलादी पट्टी. घोडा आपटतो, गार पट्टीला खरवडते, ठिणग्या रंजकेवर पडतात. इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो, माझाही होता. ठिणगी गारेची नसते, लोखंडाची असते. गार पट्टीवरून लोखंडाची सूक्ष्म शकलं खरवडते आणि ती इतकी तापलेली असतात, की हवेतल्या प्राणवायूने जळू लागतात. दालनात चकमकीची बंदूक दिसली, तर पट्टीवरचे ओरखडे बघा. किती वेळा चाप ओढला, त्याचा तो कच्चा हिशेब.

भारतात मात्र तोड्याची बंदूक एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. याला मागासलेपण म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. गावचा लोहार तोड्याची कळ दुरुस्त करू शके, चकमकीची जोरकस कमान (स्प्रिंग) त्याला जड गेली असती.

कानाजवळची बशी शेवटी हद्दपार केली एका स्कॉटिश पाद्रीबुवांनी. अलेक्झांडर फोर्सिथना बदकांच्या शिकारीचा नाद. चकमकीच्या बंदुकीत रंजक भडकते आणि मग क्षणभराने बार होतो. तेवढ्यात झगमगाट बघून पक्षी बुडी मारायचे. नुसत्या आघाताने भडकणारी फल्मिनेट रसायनं तेव्हा नवी होती, मर्क्युरी फल्मिनेटची कृती एडवर्ड हॉवर्डने 1800 साली प्रसिद्ध केली होती. फोर्सिथनी अशा रसायनाचा कण कानाच्या तोंडाशी ठेवून त्यावर हातोडी आपटायची युक्ती काढली आणि 1807 मध्ये पेटंट घेतलं. पुढे हे रसायन तांब्याच्या इवल्या टोपीत आलं. पावसाची भीती बरीच सरली, बदकांची सोय गेली.

आता काजळीचा उरलेला हिशेब. नळीच्या आत पीळदार खाचा पाडल्या, की गोळीला नियमित फिरकी मिळून ती सरळ जाते, हे जुनंच ज्ञान. पण त्या खाचांत घट्ट बसणारी गोळी काजळलेल्या नळीत ठासायची म्हणजे शिपायाला घाम. 1849 मध्ये क्लोद मिनिएची बुडाला पोकळ गोळी आली. आत जाताना सैल, दारू पेटताच तिचं बूड फुगतं आणि खाचांत घट्ट बसतं. 1853 च्या एन्फील्ड रायफलमध्ये याच जातीची गोळी होती. ती कागदात गुंडाळलेली असे आणि कागदाला वंगण लावलेलं असे, म्हणजे काजळीतून गोळी सहज सरकावी. 1857 च्या काडतुसांची चरबी आपण शाळेत शिकतो, पण ती चरबी मुळात तिथे का होती, हे शाळेत कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

तोफांनाही कान असतात, वरच्या अंगाला. एखादा किल्ला सोडताना तोफांच्या कानात खिळे ठोकून जायचे, म्हणजे त्या शत्रूच्या कामी येत नसत. विजापूरला गेलात तर मलिक-ए-मैदान बघाच. 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली, जवळपास साडेचार मीटर लांब, वजन सुमारे 55 टन, तोंडाशी हत्तीला गिळणारा सिंह. 1854 मध्ये निरुपयोगी सामान म्हणून तिचा लिलाव पुकारला होता आणि बोली लागली दीडशे रुपयांची. विक्री रद्द झाली म्हणून ती आज जागेवर आहे.

पितळी काडतूस आलं आणि कान नाहीसाच झाला. गोळी, दारू आणि ठिणगी एकाच कुपीत. त्या काळाचं दालन बघायचं, तर अमेरिकेत वायोमिंग राज्यातलं कोडी फायरआर्म्स म्युझियम. विंचेस्टर कंपनीचा जुना संग्रह आणि विक्रीच्या वह्या तिथे आहेत. 2014 मध्ये नेवाडातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात ज्युनिपरच्या झाडाला टेकून ठेवलेली एक विंचेस्टर 1873 रायफल सापडली. लाकूड उन्हापावसाने करडं पडलेलं, दस्त्याचं बूड मातीत रुतलेलं. तिच्यावरच्या क्रमांकावरून कळलं, की ती 1882 ची. तपासणीसाठी ती कोडीला नेली, तेव्हा पहिला प्रश्न कुठल्याही संग्रहालयात पडतो तोच होता : भरलेली आहे का? खात्रीसाठी तिला गावातल्या इस्पितळात एक्स-रे काढायला नेलं आणि रुग्णाच्या नावाच्या जागी ‘रायफल’ असं लिहिलं. नळी रिकामी निघाली. दस्त्याच्या पोकळीत मात्र एक काडतूस जपून ठेवलेलं सापडलं. कोडीच्या मंडळींनी गंज खरवडला नाही, लाकडाला पॉलिश केलं नाही, सुटे झालेले कपचे तेवढे चिकटवले आणि रायफल उद्यानाला परत पाठवली.