"हे झाड दारात चालतं का?"
आमच्या नर्सरीच्या ग्राहकांसाठी

रोप पसंत पडतं, पैसेही देऊन होतात, आणि गाडीत ठेवताना घरून फोन येतो: "विचारलंस का, दारात चालतं का?" त्या फोनसाठी हे माहितीपत्रक.

सगळ्यात मोठी धास्ती तुळस वाळल्याची. घरावर काहीतरी येणार, असं मनात येतं. पण तुळस मुळात दोन-तीन वर्षांचं झुडूप. मंजिऱ्या भरपूर धरल्या की तिचा जोर बी पोसण्यात जातो आणि पानं झडतात. मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडा. पुढच्या रोपासाठी एखादी पिकू द्या. दुसरं कारण आपल्या भक्तीचंच. घरातला प्रत्येक जण आंघोळ झाली की तांब्याभर पाणी घालतो. छोट्या वृंदावनात ते निचरत नाही, मुळं कुजतात. पाणी एकानेच घालावं, बाकीच्यांनी नमस्कार करावा. रविवारी आणि द्वादशीला पानं न तोडण्याची रीत मात्र जरूर पाळा, तेवढीच झाडाला विश्रांती.

रातराणीने साप येतो म्हणतात. साप वासामागे नाही, बेडूक-उंदरांमागे येतो. बुंध्याशी पालापाचोळा आणि विटांचा ढीग ठेवू नका.

उंबर-पिंपळ तोडायला हात धजावत नाही, हे आम्हालाही समजतं. पण पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडून भिंतीत रुजलेलं रोप पुढे भिंत फोडतं. बोटभर असतानाच मुळासकट काढून आणा, कुंडीत लावून देऊ. मोकळ्या जागी ते सुखाने वाढेल.

मनी प्लांट चोरूनच लावावा, अशी समजूत असल्याने आमच्या फाटकावरचा वेल कायम खुरटलेला. न्या, पण निदान पेर असलेला तुकडा तोडा. मुळं पेराशीच फुटतात; नुसतं पान पाण्यात ठेवून वेल होत नाही.

खरी भीती बाळगावी अशा झाडाबद्दल मात्र कोणी विचारत नाही. कण्हेर पूजेला चालते म्हणून बिनधास्त नेतात. तिचं पान, फूल, साल, चीक सगळं विषारी आहे आणि ते विष हृदयावर परिणाम करतं. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बियाही तशाच. मुलं त्या खेळायला घेतात. घरात लहान मूल असेल तर ही दोन्ही रोपं नेऊ नका. आधीच लावलेली असतील तर छाटणीनंतर हात साबणाने धुवा आणि फांद्या गुराढोरांपुढे टाकू नका.