स्काउट शिबिरात हॅम रेडिओ: पात्रता, परवानगी आणि कागदपत्रं

शिबिरात मुलांच्या हाती हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवल्या जाणाऱ्या रेडिओचा, माइक द्यायचा असेल तर कागदपत्रांची सुरुवात परवानाधारक ऑपरेटरपासून होते, मुलांपासून नाही. बोलणारी मुलगी दहा वर्षांची असली तरी कायद्याच्या लेखी स्टेशन ऑपरेटरचं आणि काही चुकलं तर जबाबदारीही त्याचीच. म्हणून तारीख पक्की होताच त्याच्या परवान्याची प्रत मागवा आणि अटींसकट वाचा. पहिलं पान पाहून भागत नाही, कारण अडचणी मागच्या पानांवर असतात.

आधी परवान्याचा वर्ग आणि मुदत पाहा. शिबिरात हमखास वापरली जाणारी स्काउट वारंवारता म्हणजे १४.२९० मेगाहर्ट्झ. पण बऱ्याच देशांत प्राथमिक वर्गाच्या परवानाधारकाला त्या पट्ट्यावर, म्हणजे वारंवारतांच्या त्या टप्प्यात, बोलता येत नाही. अमेरिकेतला टेक्निशियन वर्ग हे त्याचं उदाहरण. मग जागा. परवाना घरच्या पत्त्याचा असेल तर माळरानावर स्टेशन लावायला वेगळी परवानगी किंवा पूर्वसूचना लागते का, हे अटींत दिलेलं असतं. काही ठिकाणी कॉलसाइनमागे (स्टेशनची ओळख सांगणाऱ्या अक्षर-अंकांमागे) ‘पोर्टेबल’ जोडलं की पुरतं, काही ठिकाणी नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो तिऱ्हाईताच्या कलमावर. परवाना नसलेला माणूस हॅम स्टेशनवरून बोलतो तेव्हा तो ‘तिसरा पक्ष’ ठरतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीतलं कलम २५ सांगतं की परदेशी स्टेशनशी तिसऱ्या पक्षासाठी होणारा संपर्क मुळात आणीबाणी आणि आपत्तीतच चालतो. याहून किती मोकळीक द्यायची ते ज्या त्या देशाचं प्रशासन ठरवतं. अमेरिकेत ऑपरेटर शेजारी बसून सतत लक्ष ठेवणार असेल तर मूल बोलू शकतं, पण परदेशी स्टेशन असेल तर त्या देशाशी तसा करार हवा. तुमच्याकडचा नियम परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी घ्या. कुणीतरी ‘चालतं हो’ म्हणालं, ही परवानगी नव्हे.

परवानगीच्या अर्जापूर्वी जमवायची कागदपत्रं:
– ऑपरेटरच्या परवान्याची प्रत, आणि तो जेवायला उठेल तेव्हासाठी दुसऱ्या ऑपरेटरचीही
– जागामालकाचं संमतिपत्र, त्यात मास्टची (अँटेनाच्या खांबाची) उंची नमूद केलेली
– जागेचा साधा नकाशा: स्टेशन, अँटेना आणि जवळच्या वीजतारा
– संच, पट्टे आणि शक्ती यांचा तपशील
– प्रत्येक मुलाच्या पालकांची सही, आवाज आणि फोटोच्या संमतीसह

शक्तीच्या रकान्यात लोक हमखास चुकतात. अर्जात ट्रान्समीटरची शक्ती विचारलीय की अँटेनातून निघणारी, ते आधी बघा. दोन्ही आकडे वेगळे. नकाशाही कंटाळ्याने काढू नका. ७.०९० मेगाहर्ट्झसाठी अर्धतरंग डायपोलची (मधोमध जोडणी असलेल्या तारेच्या अँटेनाची) लांबी सुमारे २० मीटर होते, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार, वर ताणायची दोरी वेगळी. १४.२९० साठी एकूण दहा मीटर पुरते. ट्रान्समिट करताना तारेच्या टोकांवर व्होल्टेज सर्वांत जास्त असतं, म्हणून टोकं मुलांच्या हाताबाहेर हवीत. तार किंवा मास्ट कोसळला तरी वीजवाहिनीपर्यंत पोचणार नाही इतकं अंतर नकाशावरच दिसलं पाहिजे.

खास कॉलसाइन हवं असेल तर तो स्वतंत्र अर्ज, आणि त्याला वेळ लागतो. शिबिराच्या आठवड्यात धावपळ करून मिळत नाही. मिळालं नाही तर ऑपरेटरच्या नेहमीच्या कॉलसाइनवर काम चालतं; मुलांना फरक पडत नाही.

शिबिर ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी असेल तर जांबोरी ऑन द एअरमध्येही नाव नोंदवता येतं. १९५८ पासून चालत आलेला हा स्काउटांचा जागतिक उपक्रम. नोंदणीनंतर एक छोटा कोड मिळतो, तो मुलं एकमेकांना सांगतात आणि जमवतात. मात्र ही नोंदणी म्हणजे परवाना नाही. नेमकं इथंच फसायला होतं: कोड हाती आला की परवानगीचं पत्र कुणी तपासतच नाही.

वेळापत्रक अर्जासोबतच आखा. एका गटात सहा ते आठ मुलं, प्रत्येकाला पाचेक मिनिटं. दूरच्या संपर्कांसाठी १४ मेगाहर्ट्झच्या पाळ्या दिवसा ठेवा. संध्याकाळनंतर हा पट्टा बहुधा थंडावतो, तेव्हा ७ मेगाहर्ट्झवर या. माइक हाती आला की मुलं गप्प होतात, म्हणून आधीच कार्ड भरून घ्या: पहिलं नाव, गटाचं नाव, हवामान, एक प्रश्न. आडनाव, पत्ता, शाळा आणि फोन नंबर हवेत जाता कामा नये. हे पालकांच्या संमतिपत्रातही लिहा. लॉगमध्ये, म्हणजे संपर्कांच्या नोंदवहीत, तारीख, वेळ, वारंवारता, कॉलसाइन आणि सिग्नलचा अहवाल नोंदवा. वेळ यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळेत), स्थानिक वेळ टाकली तर समोरच्याच्या लॉगशी नोंद जुळत नाही.

परवानगी वेळेत आलीच नाही तर ट्रान्समीटर बंद ठेवा. दोन बझर, दोन मोर्स की आणि मधली तार, एवढ्यावर मोर्सचे संदेश देता-घेता येतात. तारेतून जाणाऱ्या संदेशाला रेडिओ परवाना लागत नाही. ट्रान्समीटर लपवून शोधायचा खेळ मात्र यात बसत नाही. लपवलेला ट्रान्समीटर हॅम पट्ट्यावर असेल तर तो कितीही छोटा असो, त्यालाही परवानाधारक लागतोच.