डांग्या खोकला: कुणाला जास्त, कुणाला कमी

एकाच घरातल्या दोन भावंडांना डांग्या खोकला होतो. एकाला उबळीवर उबळ येते, खोकून खोकून उलटी होते. दुसरा थोडं खोकतो आणि हिंडायला मोकळा. वय आणि लसीकरण हे फरकाचे सर्वांत मोठे धनी, यात वाद नाही. पण ते सारखे असले तरी थोडा फरक उरतोच, आणि त्यातला काही जनुकांच्या खात्यात जातो.

डांग्या खोकला घडवणारा बोर्डेटेला पर्टुसिस हा जिवाणू सहसा रक्तात उतरत नाही. श्वासनलिकेच्या अस्तरावर बारीक रोम असतात, त्यांना चिकटून तो विष सोडतो. त्याची पहिली चाहूल ज्या प्रथिनांना लागते, त्यांपैकी एक म्हणजे टीएलआर४. जिवाणूच्या बाह्य आवरणातला मेदयुक्त रेणू ते ओळखतं.

सी३एच/एचईजे नावाच्या उंदरांच्या जातीत टीएलआर४ बनवणारं जनुक बिघडलेलं आहे, हे १९९८ मध्ये उघड झालं. बिघाड केवढा? डीएनएतलं एक अक्षर बदललं, त्यामुळे प्रथिनात प्रोलीन या अमिनो आम्लाच्या जागी हिस्टिडीन हे दुसरं आलं, बस्स. एवढ्यावर या उंदरांच्या फुप्फुसांत डांग्या खोकल्याचे जिवाणू इतर उंदरांपेक्षा जास्त वाढतात. जनुकातला हा बिघाड शोधण्यामागचे शास्त्रज्ञ ब्रूस बॉयटलर यांना २०११ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

शरीराच्या बचावाची पुढची फळीही तितकीच महत्त्वाची. इंटरफेरॉन-गॅमा या, बचाव करणाऱ्या पेशींमधल्या निरोप्या प्रथिनाचा संदेश घेणारं जनुक काढून टाकलेल्या उंदरांमध्ये हा जिवाणू फुप्फुसं ओलांडून शरीरात पसरला. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशीच नसलेल्या उंदरांमध्ये तो मुक्कामच ठोकून बसला.

उंदरांवरून माणसाबद्दल ठाम बोलणं मात्र धाडसाचं आहे. या जिवाणूच्या त्या मेदयुक्त रेणूला माणसाचं टीएलआर४ उंदराइतका जोरदार प्रतिसाद देत नाही. तरी धागे मिळतात. नेदरलँड्समधल्या बालकांच्या अभ्यासात टीएलआर४ मधल्या फरकांचा संबंध डांग्या खोकल्याच्या लसीला मिळणाऱ्या प्रतिसादाशी दिसला. गांबियातल्या जुळ्यांच्या अभ्यासातही लसींना शरीर किती प्रतिसाद देतं, यात आनुवंशिकतेचा ठळक वाटा आढळला. म्हणजे जनुकं आजाराच्याच नव्हे, तर लसीच्या परिणामातही हात घालतात.

एकच 'डांग्या खोकल्याचं जनुक' शोधत बसण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. उंदरांच्या संकरातही वेगवेगळ्या गुणसूत्रांवरच्या अनेक जागा या संसर्गाशी जोडलेल्या सापडल्या आहेत. काही महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत तर ही सगळी चर्चा मागे पडते: त्याची स्वतःची लस पूर्ण व्हायची असते, आणि त्याला सर्वाधिक आधार असतो तो गरोदरपणी लस घेतलेल्या आईकडून आलेल्या प्रतिपिंडांचा.